सह्याद्रीतील निसर्गचित्रे टिपताना ढगांचा विचार कसा करावा

निसर्गाचे छायाचित्र काढायला निघालेला माणूस बहुधा जागा आधी ठरवतो, मग वेळ ठरवतो आणि आभाळ जसे मिळेल तसे पदरात पाडून घेतो. हा क्रम बदलून आभाळावरून जागा ठरवण्याची सवय लावली, तर त्याच कॅमेऱ्यातून आणि त्याच लेन्समधून निघणारी चित्रे फार वेगळी दिसू लागतात. ढग आकाशाची रिकामी जागा भरतात हे खरे. पण त्याआधी खालच्या डोंगरावर, पठारावर आणि पाण्यावर किती प्रकाश पडेल, तो कोवळा असेल की कडक, एकसारखा असेल की तुकड्यातुकड्यांत, हे तेच ठरवतात. म्हणून ढगांकडे पाहताना ‘ते सुंदर आहेत का’ या प्रश्नाच्या आधी ‘ते जमिनीवर काय करत आहेत’ हा प्रश्न विचारावा. पुढचे सर्व विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे आणि उदाहरणांसाठी सह्याद्री घेतला आहे, कारण ढगांची इतकी रूपे इतक्या लहान पट्ट्यात आणि इतक्या नियमितपणे पाहायला मिळतील अशी दुसरी जागा आपल्या जवळपास नाही.

पहिली पायरी : आभाळ वाचायला शिकणे

सिरस, स्ट्रेटस आणि क्युम्युलस ही शाळेच्या भूगोलात भेटणारी नावे ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान-अभ्यासकाने १८०२ साली मांडलेल्या वर्गीकरणातून आली आहेत. छायाचित्रकाराला ती पाठ असण्याची गरज नाही. ढगाची उंची आणि जाडी मात्र ओळखता यायला हवी.

सुमारे सहा-सात किलोमीटरच्या वर असणारे सिरस ढग हिमकणांचे आणि तंतुमय असतात. ते उन्हाची धार थोडीशीच बोथट करतात, त्यामुळे भर दुपारी त्यांचा उपयोग कमी. सूर्यास्तानंतर मात्र रंग सर्वांत उशिरापर्यंत तेच धरून ठेवतात. त्याखाली दोन ते सहा-सात किलोमीटरच्या पट्ट्यात लहान लहान गोळ्यांच्या रांगा दिसतात ते आल्टोक्युम्युलस. संध्याकाळच्या रंगांसाठी मला यांच्याइतका भरवशाचा ढग दुसरा वाटत नाही, कारण प्रत्येक गोळ्याच्या खालच्या अंगाला प्रकाश लागतो आणि मधल्या फटींतून निळे आकाश शिल्लक राहते. त्याहून खाली, सपाट बुडाचे आणि फुगीर डोक्याचे क्युम्युलस ढग असतात. जमिनीवर ठळक सावल्या टाकण्याचे काम यांचे. स्ट्रेटस म्हणजे आपले मळभ : आकाशभर एकसारखा पांढरा-करडा थर, ज्याखाली सावल्या नाहीशा होतात आणि दूरचे डोंगर सपाट दिसू लागतात. राहिला क्युम्युलोनिंबस, म्हणजे वळवाचा गडगडाटी ढग. त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढून ऐरणीसारखा पसरतो. त्याचे पूर्ण रूप हवे असेल तर तो आपल्या डोक्यावर नव्हे, तर तीस-चाळीस किलोमीटर दूर असावा लागतो.

दुसरी पायरी : ऋतूप्रमाणे जागा निवडणे

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आभाळ स्वच्छ, पण हवा धुरकट असते. दुपारनंतर घाटमाथ्यावर आणि देशावर क्युम्युलस फुगू लागतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले काही वळीव घेऊन येतात. या दिवसांतले सर्वोत्तम चित्र सर ओसरल्यावर मिळते, कारण हवेतली धूळ खाली बसलेली असते, पश्चिमेकडून तिरपे ऊन आत शिरत असते आणि पूर्वेला अजून काळाकुट्ट ढग उभा असतो. उजळलेला डोंगर आणि त्यामागे गडद आभाळ ही मांडणी पाहण्यासाठी सूर्याकडे पाठ करून उभे राहावे लागते. बहुतेक कॅमेरे त्या वेळी सूर्यास्ताकडे वळलेले असतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस स्थिरावला की चित्र पालटते. जुलैत घाटमाथ्यावर ढग इतके खाली उतरतात की कळसूबाई (१६४६ मीटर), साल्हेर (१५६७ मीटर) किंवा तोरण्यासारखे उंच गड दिवसच्या दिवस ढगाच्या पोटात असतात. तिथे जाऊन पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. या महिन्यात उंची कमी करावी : ढगांच्या बुडाच्या खाली राहणारी खिंड, घाटातले वळण किंवा धरणाचा काठ निवडावा, म्हणजे कड्याचा खालचा भाग आणि त्यावर उतरलेला ढग हे दोन्ही दिसतात. दुसरा उपाय म्हणजे घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकणे. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री ओलांडून खाली उतरू लागले की ढग विरळ होतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पावसाचा हा फरक छायाचित्रकारासाठी उघडिपीचा फरक असतो. महाबळेश्वरला काहीच दिसत नसेल त्या दिवशी पाचगणीच्या पठारावर किंवा वाईच्या खोऱ्यात तुटक ढग आणि उन्हाचे पट्टे मिळण्याची शक्यता पुष्कळ असते.

ऑगस्ट-सप्टेंबरचा ऊन-पाऊस हा निसर्गचित्रणाचा खरा हंगाम. हिरवाई पूर्ण भरलेली, हवा धुतलेली, ढग तुटक आणि वाऱ्यावर पळणारे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास परतीचा पाऊस सरतो आणि मग खोऱ्यांत भरणाऱ्या ढगांचे दिवस येतात. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आभाळ बहुधा निरभ्र असते. त्या काळात आकाशाला चौकटीत कमीत कमी जागा द्यावी, आणि कधीतरी उंच सिरस पसरले की त्या संध्याकाळी मात्र घरी बसू नये.

तिसरी पायरी : आदल्या रात्रीचा अभ्यास

‘ढगाळ हवामान’ एवढा अंदाज आपल्या कामाचा नाही. विंडीसारख्या ॲपमध्ये खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे पाहता येतात, ते तसेच पाहावेत. खालचे ढग वीस-तीस टक्के आणि मधले किंवा वरचे ढग पन्नास टक्क्यांच्या आसपास, अशी संध्याकाळ दिसली तर तयारी करावी. खालचे ढगच नव्वद टक्के असतील तर धबधबा, ओढा किंवा देवराई गाठावी, कारण मळभाचा मऊ प्रकाश तिथे हवाच असतो.

सूर्यास्ताच्या रंगांसाठी आपल्या डोक्यावर ढग असून भागत नाही. पश्चिमेचे क्षितिज मोकळे असावे लागते. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर त्याचे किरण फार दुरून, खालून वर येऊन ढगाच्या बुडाला लागतात. आठ किलोमीटर उंचीच्या ढगाच्या बाबतीत ही वाट तीनशे किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे सह्याद्रीवरचा रंग अरबी समुद्रावर ढग आहेत की नाहीत यावर ठरतो. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे दर अर्ध्या तासाला येतात. दुपारी चारच्या सुमाराचे दृश्य-प्रकाशातले चित्र उघडून किनाऱ्यापलीकडे मोकळा पट्टा आहे का, ते तपासावे. तो असेल तर सूर्यास्तानंतर सामान उचलण्याची घाई करू नये. खालच्या ढगांचा रंग चार-पाच मिनिटांत विझतो, पण वरच्या ढगांवर तो दहा ते वीस मिनिटे टिकतो आणि पुष्कळदा याच काळात सर्वांत गडद होतो.

चौथी पायरी : जागेवर पोहोचल्यावर उन्हाच्या पट्ट्याची वाट पाहणे

राजगडाचे उदाहरण घेऊ. ऑगस्टची दुपार सरत आली आहे, आपण बालेकिल्ल्यावर उभे आहोत आणि खाली पूर्वेकडे सुवेळा माची पसरली आहे. वर तुटक क्युम्युलस ढग आहेत आणि माचीवर सावली आहे. या क्षणी नवखा छायाचित्रकार माचीकडे टक लावून बसतो. त्याऐवजी मागे, पश्चिमेकडे वळून पाहावे. पावसाळ्यात ढग साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, त्यामुळे माचीवर दहा मिनिटांनी काय होणार ते आता तोरण्याच्या बाजूच्या आभाळात लिहिलेले असते. तिकडे ढगांत एखादी मोठी फट दिसली, तर तिच्यातून खाली पडलेला उन्हाचा पट्टा कुठे आहे ते डोंगरावर शोधावे. हा पट्टा फटीच्या बरोबर खाली सापडत नाही. सूर्य तिरपा असल्याने तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला सरकलेला असतो. सूर्य पंचेचाळीस अंशांवर असेल तर ढग जितका उंच, जवळजवळ तितकाच पुढे. पट्टा एका ओळखीच्या खुणेवरून, समजा एखाद्या सोंडेवरून, दुसऱ्या खुणेपर्यंत यायला किती वेळ घेतो ते घड्याळावर मोजावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने पळणारा पट्टा दोन किलोमीटरचे अंतर सव्वातीन मिनिटांत कापतो. एवढ्या वेळात ट्रायपॉड लावून, चौकट बांधून, फोकस कायम करून आणि एक चाचणी चित्र घेऊन तयार राहता येते.

पट्टा माचीवर आला की तटबंदी उजळते आणि तिच्यामागची दरी अजून सावलीत असते. हीच ती वेळ. उजेडातला भाग सावलीपेक्षा तीन-चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अधिक प्रखर असतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, आधीच्या सावलीवर ठरवलेले असेल तर उजळ तट पांढरा पडतो. पट्टा येण्याआधीच ते दोन-तीन स्टॉप कमी करून ठेवावे. संपूर्ण माची उजळण्याची वाट पाहण्यापेक्षा अर्धी उजेडात आणि अर्धी सावलीत असताना घेतलेले चित्र मला नेहमी अधिक खोल वाटते, कारण डोळ्याला कुठे थांबायचे ते प्रकाशच सांगतो.

पाचवी पायरी : आकाशाला किती जागा द्यावी

याचा एकच निकष पुरेसा आहे : आकाशात आकार किंवा उजेड-अंधाराचा भेद आहे का? असेल तर दोन तृतीयांश चौकट त्याला देण्यास हरकत नाही. नसेल तर क्षितिज वरच्या कडेला न्यावे किंवा आकाश पूर्ण वगळावे. सपाट पांढरे मळभ चौकटीत एक चतुर्थांश जरी घेतले, तरी नजर आधी तिकडेच जाते.

आकाश घ्यायचे ठरल्यावर ढगाचा आणि डोंगराचा संबंध पाहावा. सुळक्याचे टोक ढगाच्या कडेला नुसते टेकलेले असेल तर दोन्ही आकार एकमेकांत अडकतात. टोकाभोवती मोकळे आकाश राहू द्यावे किंवा ते ढगात निःसंदिग्ध शिरू द्यावे. मोठ्या ढगाच्या डावी-उजवीकडे थोडी जागा सोडावी, कारण चौकटीच्या कडेने कापलेला ढग खिळल्यासारखा दिसतो. पाण्यातले प्रतिबिंब हवे असेल तर भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठची पहाट चांगली, कारण वारा सुटण्याआधी पाणी निश्चल असते. प्रतिबिंब प्रत्यक्ष आकाशापेक्षा नेहमी थोडे गडद असते, हे प्रक्रिया करताना लक्षात ठेवावे.

सहावी पायरी : एक्स्पोजर

ढगाचा सर्वांत उजळ भाग एकदा पांढरा पडला की त्यातला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. सावल्यांतला तपशील मात्र रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) बऱ्यापैकी शिल्लक असतो. म्हणून एक्स्पोजर ढगावर ठरवावे आणि जमीन नंतर उजळावी. हिस्टोग्रॅम, म्हणजे चित्रातल्या अंधारापासून उजेडापर्यंतच्या पातळ्यांचा आलेख, पाहताना केवळ एकत्रित आलेखावर विसंबू नये. सूर्यास्ताला लाल रंगाचा आलेख आधी उजव्या कडेला आदळतो आणि एकत्रित आलेख निर्धोक दिसत असतानाही नारिंगी ढगांतले बारकावे जातात. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती सुरू ठेवावी.

याच्या उलट चूक धुक्यात होते. चौकट पांढऱ्या ढगाने भरलेली असली की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर तिला करडी करू पाहतो, आणि ढगांचा समुद्र मळकट उतरतो. अशा वेळी दोन तृतीयांश ते एक स्टॉप एक्स्पोजर वाढवावे. उजेडाचा भेद खूप मोठा असेल, तर ट्रायपॉडवरून दोन स्टॉप कमी, योग्य आणि दोन स्टॉप जास्त अशी तीन चित्रे घ्यावीत. ढग वेगाने पळत असतील तर ही तीन चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. तेव्हा आकाश एकाच चित्रातून घ्यावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेची मांडणी, ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर कायम ठेवावा. तो ऑटोवर सोडला तर संध्याकाळचा लालिमा कॅमेरा ‘दुरुस्त’ करून टाकतो.

मोबाइलवर चित्र काढणाऱ्यांनी ढगाच्या उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर लॉक करावे आणि मग ते किंचित खाली ओढावे. एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

सातवी पायरी : फिल्टर आणि दीर्घ एक्स्पोजर

पोलरायझर हा लेन्सपुढे फिरवता येणारा फिल्टर निळे आकाश गडद करतो आणि ढग जवळजवळ तसेच ठेवतो, म्हणून ढग उठून दिसतात. सूर्यापासून नव्वद अंशांच्या दिशेला त्याचा परिणाम सर्वाधिक असतो. १६ ते २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्सवर तो पूर्ण फिरवला तर आकाशाच्या मधोमध गडद डाग पडतो, अर्धाच फिरवावा. मळभ असतानाही तो काढून ठेवू नये, कारण ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी कमी करून तो हिरवा रंग खुलवतो.

दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढची गडद काच) प्रकाश हजारपटींहून थोडा अधिक कमी करतो. फिल्टरशिवाय सेकंदाचा तिसावा भाग पुरत असेल तर तो लावल्यावर सुमारे ३४ सेकंद लागतात. पावसाळ्यातल्या वेगवान ढगांना वीस-तीस सेकंद पुरतात, आकारही थोडा शिल्लक राहतो. दोन-चार मिनिटांत केवळ पट्टे उरतात. पश्चिमेला तोंड करून उभे राहिल्यास ढग आपल्याकडे येत असतात, त्यामुळे पट्टे क्षितिजावरच्या एका बिंदूतून पंख्यासारखे पसरतात. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहिल्यास ते आडवे उमटतात. आपल्याला कोणते हवेत ते ठरवून जागा घ्यावी. कासच्या पठारावर फुले पुढ्यात असतील तर ती वाऱ्याने हलतात, म्हणून फिल्टर काढून फुलांसाठी एक जलद चित्र वेगळे घ्यावे. ज्या ढगाला मुळात चांगला आकार आहे, त्याला दीर्घ एक्स्पोजरने पुसून टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खोऱ्यातले ढग आणि इंद्रवज्र

सप्टेंबरअखेर ते डिसेंबर या काळात आदल्या दिवशी पाऊस झाला असेल किंवा जमीन ओली असेल, रात्र निरभ्र आणि वारा जवळजवळ पडलेला असेल, तर पहाटे खोरी ढगांनी भरून जातात. रात्री जमीन उष्णता सोडते, थंड झालेली जड हवा उतारावरून खाली साचते आणि तिच्यातल्या बाष्पाचे धुके होते. वरून पाहणाऱ्याला तो ढगांचा समुद्र दिसतो. गडावर मुक्काम करावा किंवा उजाडण्यापूर्वी अर्धा तास माथ्यावर असावे. ऊन तापले की आठ-नऊच्या सुमारास सगळे विरते. इथे ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स रुंद लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ढगांतून वर आलेल्या सोंडांच्या आणि सुळक्यांच्या एकामागोमाग रांगा तीच वेगळ्या काढते. ऑटोफोकस धुक्यात भरकटतो, म्हणून दूरच्या एखाद्या ठळक कडेवर फोकस करून तो मॅन्युअलवर टाकावा.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य पाठीशी असताना समोरच्या दरीत ढग भरून आले, तर आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटते, हेच इंद्रवज्र. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ साली ते इथे पाहिल्याची नोंद आहे. त्याचा फोटो काढताना एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवावे, नाहीतर फिकट रंग ढगाच्या पांढऱ्यात मिसळून जातात. कड्याच्या टोकाशी ओला कातळ आणि अचानक चढणारे धुके असते, म्हणून झोपूनच पुढे व्हावे आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एकही पाऊल टाकू नये.

वळवाच्या ढगांबाबतही तडजोड करू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. ट्रायपॉड सोडून माथ्यावरून खाली उतरावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, ते फोनमध्ये असावेच.

शेवटची पायरी : प्रक्रिया आणि छपाई

ढगांना उठाव देण्यासाठी सॉफ्टवेअरमधल्या क्लॅरिटी (बारकावे ठळक करणारी सोय) आणि डीहेझ (धुरकटपणा कमी करणारी सोय) यांचा मोह होतो. दोन्ही आकाशापुरते मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, आणि बेताने वापरावेत. डोंगराच्या कडेने पांढरी किंवा काळी रेघ दिसू लागली की हात आवरावा. कृष्णधवल चित्रात निळ्या रंगाची पातळी खाली आणली की जुन्या लाल फिल्टरप्रमाणे आकाश गडद होऊन ढग पुढे येतात, मात्र फार खाली आणल्यास आकाशात रवाळपणा दिसतो.

आकाश बदलून देणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात. कल्पना मात्र जुनी आहे : फ्रान्समधील छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह जोडून चित्रे छापली. तेव्हाच्या कलोडियन काचा (रसायनाचा लेप दिलेल्या निगेटिव्हच्या काचा) निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या की समुद्रासाठी योग्य एक्स्पोजर दिले की आकाश कोरे पांढरे उतरे. ती त्या रसायनाची मर्यादा होती, आज ती नाही. परका ढग आणून बसवला की त्याच्या सावल्या जमिनीवर नसतात, प्रकाशाची दिशा जुळत नाही आणि पाण्यातले प्रतिबिंब वेगळेच काही सांगते. ढग आणि जमीन यांचे जे नाते टिपण्यासाठी आपण डोंगर चढलो, तेच त्यात तुटते. म्हणून मी हा मार्ग सुचवत नाही. कोणी वापरलाच तर तसे चित्राखाली लिहावे.

छापण्यापूर्वी ढगाच्या सर्वांत उजळ भागाचे मूल्य सॉफ्टवेअरमध्ये तपासावे (शून्य म्हणजे पूर्ण काळे, २५५ म्हणजे पूर्ण पांढरे). ते २५५ असेल तर तिथे शाईच पडत नाही, कागद कोरा राहतो आणि विशेषतः चकचकीत कागदावर तो भाग भोकासारखा वेगळा दिसतो. २४५ ते २५० च्या दरम्यान ते आणले की ढगाच्या पांढऱ्यातही पोत राहतो. मोठी प्रत काढण्याआधी ढगाच्या त्याच भागाची एक लहान पट्टी छापून दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावी.